बावटा वाढविला त्याची हकीकत

श्रीवरुण व श्रीवायू उभयतां राजी असोत. शके अठराशें चार, चित्रभानु नाम संवत्सरे, कार्तिक मासीं दर्याकांठच्या एका राज्यांत वर्तमान झालें तें ऐसें जे, श्रीमंत महाराजांनीं रयतेच्या कल्याणास्तव टेकडीवर वेधशाळा बांधविली, आणि घाटावरील विद्वान रामाजीपंत यांस पाऱ्याच्या यंत्रासह तेथें बसविलें, आणि तेथून बंदरापर्यंत तार ओढविली, आणि बंदरीं काठी उभारून तिजवर धाकोजी भंडारी नेमिले. एक बावटा म्हणजे सावध. दोन म्हणजे वादळ, कोणीं दर्यांत जाऊं नये. धाकोजी मोठे इमानी. हुकुमापुढें स्वतःचें डोकें कधीं चालविलें नाहीं.

परंतु त्या बंदरीं वडिलोपार्जित चाल ऐसी जे, निशाण 'उतरविलें' म्हणणें अशुभ, सबब 'वाढविलें' म्हणावें, जैसें दुकान बंद करितां वाढविलें म्हणतात. हें पंतांस कोणीं सांगितलें नाहीं, आणि पंतांनीं पुसलेंही नाहीं. आभाळ वाचणारास खालच्या बोलण्याची काय मातबरी!

मग एके सकाळीं, काठीवर एक बावटा असतां, पारा घसरला, आणि पंतांचें धाबें दणाणलें, आणि त्यांनीं तांतडीनें तार केली, "बावटा वाढविणे." धाकोजींनीं तार मस्तकीं लाविली आणि होता तो बावटाही खालीं घेतला. कनिष्ठ बंधू हिरोजी मचव्यापाशीं उभे होते.

"दादा, आभाळ काय बरं दिसत नाय. जाऊ ना?"

"अरे, सरकारानं बावटा वाढविला. तुला सरकारापेक्षा जास्त कळतं? जा."

मग हिरोजी गेले, आणि त्यांमागें अवघे मचवे गेले, आणि दुपारीं वादळ उठलें. बाकीचे मोडून तोडून किनाऱ्यास लागले. हिरोजींचा मचवा लागला नाहीं.

मग दरबारीं चौकशी बैसली, आणि पंत म्हणाले, आणखी एक चढवा ऐसा अर्थ. आणि धाकोजी म्हणाले, खालीं घ्या ऐसा अर्थ. आणि शास्त्र्यांनीं बहुत खल करून दोघेही निर्दोष ठरविले. धाकोजी निर्दोष होऊन घरीं आले. घरीं हिरोजींच्या परतण्याची आशा सुटली होती. आत्याबाई दारांतच हळू बोलल्या, "धाकोबा, धाकटीच्या बांगड्या वाढवल्या रे."

"फोडल्या म्हण, आत्ये! फोडल्या!" ऐसें ओरडून धाकोजी उंबऱ्यावर बैसले आणि पोरासारखे रडले.

हें वर्तमान महाराजांचे कानीं गेलें, आणि हुकूम जाहला कीं हवेच्या कामीं शुभ बोलणें बंद. वादळास वादळ म्हणावें, उतरविलें त्यास उतरविलें.

एवंच वेधशाळेचा कारभार मार्गीं लागला. धाकोजी काठीवरच राहिले. बावटा खालीं घेतां मोठ्यानें 'उतरविला' म्हणत, आणि बंदरावरील वृद्ध माणसें कानांत बोटें घालीत. इतकें जाहलें, तें लिहिलें असे.