समोर काय दिसतं?

तुम्ही सोपानकाकांना तुमचा पत्ता सांगितलात, तर ते तो लिहून घेणार नाहीत. फोनवरूनच ते तुम्हाला दारात उभं करतील, घराकडे पाठ करायला लावतील आणि विचारतील, "समोर काय दिसतं?" तुम्ही तोरणा म्हणालात, की पुढचा प्रश्न, नाकासमोर का मान वळवून? मान वळवून असेल तर कुठल्या हाताला? एवढं झाल्यावर फोन शेजाऱ्याकडे द्यायला लावतील. दोघांचा तोरणा एका जागी आला तर पत्ता खरा. नाही आला तर दोघंही लबाड.

हे काम करून त्यांना हे वेड लागलं, की वेड होतं म्हणून काम मिळालं, ते मला अजून कळलेलं नाही.

आमचं ऑफिस भोरच्या एसटी स्टँडजवळ, खताच्या दुकानाच्या माडीवर. जनावरांच्या एक डॉक्टरबाई आहेत, त्यांचं. त्यांची माणसं भोर-वेल्ह्याच्या डोंगरात शेळ्यामेंढ्यांना लस टोचायला जातात. गोठ्यापाशी पोचली की मोबाईलवर एक बटण दाबतात आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे आमच्याकडे येतात. पहिला अठरानं सुरू होणारा, दुसरा त्र्याहत्तरनं. त्या आकड्यांचा पत्ता करून ठेवायचा, म्हणजे पुढच्या खेपेला टेम्पो चुकत नाही. डॉक्टरबाईंच्या भाच्यानं त्यासाठी कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवून दिलाय. त्यात चित्र नाही की नकाशा नाही, नुसता काळा पडदा. प्रोग्रामचं नाव टाइप करायचं, पुढे दोन आकडे, मग एंटर. खाली एका ओळीत पत्ता उमटतो. मी आठवीतून शाळा सोडलेली. पण इंग्रजी अक्षरं लावता येत होती आणि ताईचे यजमान डॉक्टरबाईंचा टेम्पो चालवतात, म्हणून मला इथं घेतलं. त्या उपकाराची आठवण मी रोज जिना चढताना ठेवते.

काका त्या प्रोग्रामला 'आतला' म्हणतात. आतला काय म्हणतो, आतल्याला पुन्हा इचारा, आतला आज गप का. त्यांना पक्की शंका आहे की आत कुणीतरी बसलंय. एकदा मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "आपण त्याला लोकांचे पत्ते इचारतो. पण इचारणारं कोण हाय, ते त्याला कळत असंल का न्हाई?" म्हणून कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यावर त्यांनी टिकली चिकटवलीय. चांगली ठसठशीत, लाल. सुटली की खणातल्या पाकिटातून दुसरी काढतात. टिकल्यांचं पाकीट ऑफिसात कसं, असं मी विचारलं होतं. "घरात पडून होतं," एवढंच म्हणाले.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या गावचे आकडे मागितले. आमचं सावरगुडा किनवटच्या जंगलातलं. मी भावाकडून आकडे मागवून दिले. काकांनी ते टाकले, एंटर मारलं. पडद्यावर तालुका आला, जिल्हा आला, पिनकोड आला. सावरगुडा आलं नाही.

काका पडद्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "ह्यात तुमी कुठं हाय?"

मी म्हटलं, काका, गाव छोटं आहे, नकाशात नसेल.

"नकाशात न्हाई, आतल्याला ठावं न्हाई. मग तुमी आलात कुठनं?"

आणि मला कायम करायचं की परत पाठवायचं, हे डॉक्टरबाई काकांना विचारूनच ठरवणार होत्या. परत म्हणजे भावाच्या घरी. तिथं माझ्यासाठी बघून ठेवलेलं स्थळ होतं, आणि ते मला नको होतं. त्यामुळे मी पहिल्या दिवसापासूनच घाबरून.

त्यात पहिल्याच आठवड्यात घोळ केला. दोन आकडे उलटे टाकले, आधीचा नंतर आणि नंतरचा आधी. उत्रोलीचा एक गोठा थेट उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाच्या समुद्रात निघाला.  काकांनी उत्रोलीला फोन लावला, गोठेवाल्याला दारात उभं केलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "समोर काय दिसतं? बरफ हाय का?" पलीकडचा म्हणाला, भाताची खाचरं हायेत, पण तुमी सकाळी सकाळी काय घेतलंय? काकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरफ न्हाई म्हणतो."

आतलाही काही कमी नाही. डोंगरात त्याला रस्ते माहीत नाहीत, मग जवळचं जे माहीत असेल ते ठोकून देतो. वेल्ह्याकडच्या एका सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या, सगळ्या धनगरवाड्यांना त्यानं एकच पत्ता दिला होता, पुण्याच्या लोकांसाठी बांधलेल्या पोहण्याच्या तलाववाल्या हॉटेलचा. काका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "लई शेरडं उतरल्यात वो ह्या हाटेलात." आणि वाडीवाडीला फोन लावत बसले. एक म्हातारी म्हणाली, समोर शेरडं दिसतात. शेरडांच्या पल्याड? आणखी शेरडं. दोन प्रहर उलटून गेले, पण काकांनी शेरडांच्या पलीकडचा राजगड काढलाच.

पावसाळ्यात मात्र सगळं अडायचं. दारात उभं राहिलेला माणूस म्हणायचा, समोर धुकं. काका त्या पत्त्यापुढे 'संशयित' लिहायचे. श्रावणात अख्खा वेल्हे तालुका संशयित झाला. डॉक्टरबाई वैतागल्या, म्हणाल्या, अहो काका, धुकं हटेपर्यंत शेळ्या आजारी पडायच्या थांबणार आहेत का? काका म्हणाले, शेळ्या थांबणार न्हाईत, पण डोंगर कुठं जातोय, दिसंल की.

याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की काका रोज सकाळी माझ्याआधी येतात आणि काहीतरी टाइप करतात. माझी पावलं जिन्यात वाजली की डावा हात पडद्यावर आडवा धरतात. एकदा बोटांच्या फटीतून मला आकड्यांची सुरुवात दिसली. पहिला एकोणीस, दुसरा अठ्ठ्याहत्तर.

आमच्या कामाचे आकडे अठरा आणि त्र्याहत्तरचे. एकोणीस-अठ्ठ्याहत्तर भोरमध्ये फक्त माझे.

 माणूस रोज माझं गाव शोधतोय, रोज ते सापडत नाही, आणि एक दिवस हे सगळं डॉक्टरबाईंपुढे मांडणार. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, काकांना स्वतःच्या सावलीचाही पत्ता पटत नाही, तू झोप. मला झोप आली नाही.

रविवारी आईला फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर आईनं विचारलं, "तुझे ते सोपानकाका जेवतात का गं वेळेवर? घरी करणारं कोणी नाही म्हणे."

मी म्हटलं, तुला काका कसे माहीत?

"दोन-चार दिवसाआड फोन येतो की त्यांचा, तू ऑफिसात लिहून दिलेल्या नंबरावर. पहिल्यांदा लई दरडावून बोलले. म्हणले, दारात उभ्या राहा, समोर काय दिसतं सांगा."

"मग?"

"मी म्हनलं, पळस दिसतो, अन् पळसाखालून गेलेली वाट. त्या वाटंनं पोरगी गेली, तवापासून मी दारातच उभी हाव, तुम्ही नवं काय उभं करता."

 मग काकांनी गावाचं नाव तिच्याकडून नीट दोनदा म्हणून घेतलं, असं आई म्हणाली. शेजारणीला फोन द्यायला सांगितला नाही.

सोमवारी मी जिना चढले तेव्हा काकांचा हात पडद्यावर नव्हता. म्हणाले, "ये पोरी, वाच." आजवर ते मला तुमी म्हणायचे. मी वाचलं. तालुक्याच्या आधी, ओळीच्या अगदी सुरुवातीला, सावरगुडा. आतला ज्या नकाशातून पत्ते काढतो तो लोकांनीच मिळून केलेला आहे, त्यात कुणालाही राहिलेलं नाव घालता येतं, असं भाच्यानं काकांना सांगितलं होतं. काकांनी त्याच्या मागे लागून ते घालून घेतलं आणि आतल्याला कधी कळतं हे रोज सकाळी तपासत राहिले. "लई दिस लावलं त्यानं," काका म्हणाले. "पण कबूल झाला."

डॉक्टरबाई आल्या तेव्हा त्यांनी तेवढंच सांगितलं, "पोरीचा पत्ता खरा हाय." मी कायम झाले.

संध्याकाळी घरी गेल्यावर मला काय वाटलं कोण जाणे, मी काकांना फोन लावला. म्हटलं, "काका, दारात उभे राहा. समोर काय दिसतं?"

 पलीकडून संशयानं भरलेला आवाज आला, "कोण बोलतंय? तुला कुणी इचारायला सांगितलं?"

मी म्हटलं, कुणी नाही, मीच विचारतेय.

 मला वाटलं, काकांनी फोन ठेवला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, चपला घासत गेल्या, आणि दाराची कडी निघाली.