बूड वर आलेली पायली

सुलोचनाबाईंच्या घरी धान्य मोजायच्या पितळेच्या दोन पायल्या होत्या. एक घ्यायची, एक द्यायची. घ्यायची पायली कपाटात कुलपात असे आणि द्यायची पायली सैपाकघरातल्या खुंटीवर. बाहेरून पाहिलं तर दोघी सख्ख्या बहिणी. पण खुंटीवरची पायली चार वर्षांपूर्वी माळ्यावरून पडली होती आणि तिचं बूड आत चांगलं तीन बोटं वर आलं होतं. भंडाऱ्यात पितळ ठोकणाऱ्यांची काय कमी! त्यांच्या नवऱ्यानं, मधुकररावांनी, दोनदा ती पायली दुरुस्तीसाठी पिशवीत घातली आणि दोनदा बाईंनी ती पिशवीतून काढून घेतली.

"राहू द्या तशीच. कामाची हाये."

"अवं, पण बूड..."

"बुडाचं मले माहीत हाये. घेणाऱ्याले थोडीच माहीत हाये!"

मधुकररावांनी पायली परत खुंटीला अडकवली. ते एका सरकारी कचेरीत येणारं-जाणारं टपाल सांभाळत, आणि घरात येणारं-जाणारं बाकी सगळं बाई सांभाळत.

एकोणऐंशी साली त्यांच्या लेकीचं, कुंदाचं लग्न ठरलं. मुलाकडचे नागपूरचे. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी पानसुपारी चालली असताना विहीणबाई, म्हणजे शकुनबाई, हसत हसत बोलून गेल्या, "भंडाऱ्याचे लोक मोठे हिशोबी बाप्पा! मन जरा लहानच असते म्हणतात." सगळे हसले. सुलोचनाबाईही हसल्या, पण ते वाक्य काट्यासारखं आत जाऊन बसलं. आपलं मन किती मोठं आहे हे या बाईला लग्नात दाखवायचंच, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. फक्त मोठं मन स्वस्तात कुठे मिळेल, एवढाच प्रश्न होता.

उत्तर शेजारच्या रंभाबाईंनी दिलं. "चिरोंजीची बर्फी करा, चारोळीची. नागपूरवाले पाहातच राहातीन. अन् चिरोंजी दुकानातून कायले घेता? दरेकशाच्या डोंगरात कोसमटोल्याले गोंडांचा बाजार भरते. तिथं मिठावर चिरोंजी भेटते, मापाले माप!" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "अन् एखादी घासाघीस कराले लागली ना, तं तिच्यासंग फूल जोडून टाका. फूल म्हंजे त्यायच्यात सख्खी बहीण. केसातलं फूल तिले द्याचं, तिचं आपण घ्याचं. मंग त्या भावच करत नाहीत."

झालं! वैशाखातल्या बाजाराच्या दिवशी सुलोचनाबाई, मधुकरराव आणि अर्धं पोतं मीठ वरठी स्टेशनाहून पॅसेंजरनं निघाले. दरेकशाला उतरून दोन कोस डोंगर चढायचा होता. बाईंच्या हातात खुंटीवरची पायली होती. पोतं मधुकररावांच्या खांद्यावर होतं आणि दर वळणावर ते "अजून किती राह्यलं?" असं विचारत होते.

बाजार मोहाच्या झाडांखाली भरला होता. आरडाओरडा नाही, तराजू नाही. पळसाच्या पानांवर मोहफुलं, डिंक, हिरडे यांचे ढीग लावून बाया शांत बसलेल्या. सुलोचनाबाईंनी सगळी रांग पाहिली आणि सगळ्यात मोठी चिरोंजीची टोपली हेरून तिच्यापुढे बैठक मारली. टोपलीमागे धुरपता नावाची त्यांच्याच वयाची बाई होती. गळ्यात मण्यांच्या माळा, केसात कुड्याचं पांढरं फूल.

"मापाले माप?" बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पायलीभर मीठ तिच्या सुपात ओतलंसुद्धा.

धुरपतानं मिठाकडे पाहिलं, मग पायलीकडे पाहिलं. "एका मापाले चार मापं मीठ," ती म्हणाली. "आता तसाच भाव हाय, बाई."

"चार? अवं, मीठ काय फुकट येते? डोंगर चढून आणलं या मानसानं!"

मधुकररावांनी घाम पुसून मान डोलावली. धुरपताचा भाव काही हलेना. दोन म्हणून पाहिलं, अडीच म्हणून पाहिलं. ती नुसती हसायची. तेव्हा बाईंनी रंभाबाईंचं ठेवणीतलं औषध काढलं. अंबाड्यातला मोगऱ्याचा गजरा तोडून त्यातलं एक फूल धुरपताच्या केसात खोचलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आपसात भाव कायले? आजपासून तू माही फूल!"

आजूबाजूच्या बाया वळून बघायला लागल्या. धुरपताच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. एक म्हातारी पुढे सरकली आणि तिनं विचारलं, "मनातून म्हणतेस का, बाई? हे खेळाचं नाही."

"मनातून नाही तं काय!" बाई म्हणाल्या. त्यांचा डोळा टोपलीवर होता.

धुरपतानं आपल्या केसातलं कुड्याचं फूल काढून त्यांच्या अंबाड्यात खोचलं. दोघींनी एकमेकींच्या तोंडात गुळाचा खडा घातला. मग धुरपतानं टोपली उचलली आणि सगळीच्या सगळी चिरोंजी बाईंच्या पिशवीत रिकामी केली. बाईंनी मीठ मोजायला पायली पुढे केली, तर तिनं हात धरला. "फुलासंग माप नसते."

बाईंना आनंदानं काही सुचेना. एका पायलीत, आणि तीही कशी पायली, टोपलीभर चिरोंजी! त्या भरात बोलून गेल्या, "माह्या लेकीचं लगन हाये. येजो बरं! मांडवात पहिली तूच पाह्यजे."

"किती दिस?"

"आजपासून एकवीस दिवस. भंडाऱ्याले, मधुकररावांचं घर कोणालेही विचार."

धुरपतानं कमरेची दोरी काढली आणि एकेक करत तिला एकवीस गाठी मारल्या. बाई तिकडे पाहायलाही थांबल्या नाहीत. उरलेलं मीठ खांद्यावर घेऊन मधुकरराव डोंगर उतरले. "हे तं जसंच्या तसं परत चाललं," एवढंच ते म्हणाले.

लग्नाच्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजला. बँड लवकर आला म्हणून बाई हौसेनं कुंकवाचं तबक घेऊन दारात धावल्या. बघतात तो काय! पुढे मंगरू, म्हणजे धुरपताचा नवरा, ढोल वाजवतोय. मागे पानांनी झाकलेल्या टोपल्या आणि कावडी घेतलेली दहाबारा माणसं. आणि मधोमध धुरपता, धूळभरल्या पायांनी. वरठीपासून चालत आली होती सगळी. हातातली दोरी मोकळी होती, एकही गाठ शिल्लक नव्हती.

"फूल!" धुरपतानं रस्त्यातूनच हाक मारली. "लेक कोठी हाय?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. ओसरीवर नागपूरची मंडळी चहा पीत बसली होती, आणि शकुनबाई तर उठून उभ्याच राहिल्या. "कोण हो ह्या?"

"ह्या? ह्या..." टोपल्यांवरून हिरवी पानं डोकावत होती, तीच बाईंच्या मदतीला आली. "पत्रावळीवाले. सांगून ठेवलं होतं. मागं जा वं तुम्ही सगळे, मागच्या आंगनात!"

धुरपतानं ते ऐकलं. ती क्षणभर बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिली, मग आपल्या माणसांना घेऊन घराच्या बाजूनं मागे गेली. बाईंना वाटलं होतं, सुटले म्हणून बरं वाटेल. पण तसं काही झालं नाही. दहा वाजता त्या मागे डोकावल्या, तर सगळ्या बाया उन्हात बसून खरोखरच पत्रावळ्या टाचत होत्या. धुरपतानं मान वर करून हसून पाहिलं, आणि बाई तिच्याशी न बोलता पटकन आत वळल्या.

अकराचा मुहूर्त छान लागला. पहिली पंगत उठली, सगळ्यांनी चिरोंजीची बर्फी वाखाणली. दुसऱ्या पंगतीला खुद्द नागपूरकर बसले. पानावर मीठ आलं, चटणी आली, वांग्याची भाजी आली, वरण वाट पाहत उभं राहिलं, पण भात काही येईना.

डोमा आचारी घाम पुसत बाईंच्या कानाशी आला. "बाई, भात सरला."

"सरला? असा कसा सरला? पुऱ्या पंचवीस पायल्या काढाले सांगतलं होतं तुले!"

"पंचवीसच काढल्या, बाई. भाताच्या गंजात कमी वाटला खरा. पण म्हटलं, मालकिणीचं माप, आपण कायले बोलाचं! खुद्द साहेबांनी मले पायली काढून देल्ली."

"कोणती पायली?"

"खुंटीवरची," मधुकरराव म्हणाले. "देतानाची तीच ना?"

बाईंनी मनात हिशोब केला. प्रत्येक पायलीमागे तीन बोटं! आणि बोलायचं तरी काय? डोमाला ओरडावं तर त्याची चूक नाही, पायलीला दोष द्यावा तर तिची गोष्ट सांगावी लागेल. तिकडे पंगतीत नागपूरकर भाजीशी बोटं खेळवत बसले होते. कोणीतरी हलकेच म्हणालंसुद्धा, "भंडारा हाये बाप्पा, भातही मोजून भेटन!" जमिनीनं पोटात घेतलं असतं तर त्या आनंदानं गेल्या असत्या.

त्या मागच्या अंगणात आल्या आणि भिंतीला टेकून रडायलाच लागल्या. धुरपता उठून जवळ आली. "का झालं, फूल?"

"भात सरला वं."

"मंग रडतेस कायले?" धुरपतानं टोपल्यांवरची उरलेली पानं बाजूला केली. खाली काठोकाठ तांदूळ होता. "लेकीच्या लगनाले मावशी खाली हातानं येते का? आमाले तं आणाच लागते."

डोमानं हंड्यात ठेवलेलं आधण तयारच होतं. टोपल्यांवर टोपल्या ओतल्या गेल्या. धुरपतानं स्वतः चुलीत लाकडं सारली आणि भात शिजायला लागला. आणि नेमक्या त्याच वेळी उशीर कशाचा ते पाहायला शकुनबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"इनबाई," त्या म्हणाल्या, "पत्रावळीवाले तांदूळ कायले आणतीन?"

धुरपतानं नुसतं बाईंकडे पाहिलं, सकाळी दारात पाहिलं होतं तसंच. आता दुसरं खोटं जिभेवर येईना.

"माही फूल होय," बाई पुटपुटल्या.

"कोण?"

"फूल होय! माही फूल! मी हिच्यासंग फूल जोडलं, अन् मीच तिले पत्रावळीवाली म्हटलं."

शकुनबाईंचे डोळे मोठे झाले. त्यांचे वडील देवरीकडच्या शाळेत मास्तर होते. डोंगरातले रिवाज त्यांना घरचे. "माह्या आईची फूल गेली, तं आईनं दहा दिवस सुतक पाळलं. अन् तुम्ही फुलाले उन्हात बसवलं?"

"मीच बसली," धुरपता पटकन म्हणाली. "लगनाच्या घरी मावशी हात बांधून बसन का? माही फूल तं नाहीच म्हणत होती."

शकुनबाईंनी पुढे होऊन सुलोचनाबाईंचे दोन्ही हात धरले. "मी त्या दिवशी चुकीचं बोलली. शहरातली बाई डोंगरात जाऊन फूल जोडते, तिचं मन लहान नसते."

इतके दिवस जे ऐकायची हौस होती ते हेच. आणि आता ऐकताना बाईंना वाटत होतं, कोणीतरी भर मांडवात आपल्या थोबाडीत मारली असती तर याहून बरं झालं असतं. धुरपताचा हात धरून त्या मांडवात गेल्या आणि सगळ्यांच्या आधी तिला कुंदाच्या शेजारी बसवलं. त्यांची मान मात्र दिवसभर वर झाली नाही.

दिवस कलला तशी कोसमटोल्याची माणसं निघाली. त्यांच्या टोपल्या रिकाम्या पाठवायच्या नाहीत म्हणून बाईंनी कपाट उघडलं आणि घ्यायची पायली बाहेर काढली. त्या अंगणात आल्या तर धुरपताच्या हातात खुंटीवरची पायली होती.

"पाह्य, फूल," ती मंगरूकडे बोट करत म्हणाली, "तुह्या पायलीचं बूड आत गेलतं. मले बाजारातच दिसलं होतं. मी यायले म्हटलं, माह्या फुलाले कोणी तं खोटी पायली देऊन फसवलं, बिचारीले समजतबी नाही. यायनं आज दगडानं ठोकून सरळ केलं. आता तुले कोणी फसवणार नाही."

मंगरू लाजून हसला. बाईंनी पायलीत हात घातला. बूड तळहातासारखं सपाट होतं. धुरपताच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलं. खरंच हिला कळलं नाही, की सगळं कळूनही ही असं बोलते आहे, हे काही त्यांना समजेना. विचारायची तर हिंमतच नव्हती.

त्यांनी दोन्ही पायल्या खाली ठेवल्या. "अहो," त्यांनी मधुकररावांना हाक मारली, "ते अर्धं पोतं मीठ हाये ना, ते घ्या खांद्यावर. वरठीच्या गाडीपर्यंत पोचवून द्या फुलाले."

मधुकररावांनी पोत्याकडे पाहिलं, मग शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन्ही पायल्यांकडे पाहिलं आणि भीत भीत विचारलं, "कोणत्या पायलीनं मोजू?"

बाईंनी डोळ्याला पदर लावला. "फुलासंग माप नसते हो," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना धुरपताकडे सरळ बघता आलं.