एका वेळी एकच इडली

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळमधली. देवनागरी आजीने पाटीवर गिरवून घेतली तेवढीच. सांभाळून घ्या. शेजारच्या सेतुराव मामांबद्दल लिहायचंच आहे.

मामांच्या पानात दोन इडल्या एकदम वाढल्या की ते एक परत करतात. "अवसरम काय गे? घाई कोणाला आहे? ही संपू दे." आमच्या वर्तमानपत्राचंही एकच पान नेतात, बाकीचं आमच्याकडे ठेवतात आणि वाचून झालं की पुढचं न्यायला येतात. घरात खुर्ची एकच. पूर्वी ते कचेरीत कॉम्प्युटरचं काम करत. तेव्हाच्या मशीनांत म्हणे जागाच नसायची. तिथली ही सवय.

आम्ही हसायचो. मग माझ्या लेकीला, सरोजाला, नोकरी देण्याआधी एका कंपनीने एक काम दिलं. कावेरीच्या कालव्यांच्या पाण्याच्या नोंदींची भलीमोठी फाइल. संध्याकाळपर्यंत प्रत्येक कालव्याची बेरीज हवी, नाहीतर नोकरी दुसऱ्याला. फाइल उघडली की लॅपटॉप गप्प. पुन्हा सुरू करावा, पुन्हा गप्प. पोरगी रडायला लागली.

तेवढ्यात मामा पुढचं पान न्यायला आले. "सगळी फाइल एकदम उघडतेस? एवढ्याशा ओसरीवर सगळं लग्न एकदम जेवायला बसवशील काय गे? एक पंगत बसव. जेवली की उठव, पानं काढ, दुसरी बसव. किती जेवले तो आकडा ठेव. जेवणाऱ्यांना धरून ठेवू नको."

हे मलासुद्धा कळलं! सरोजाने प्रोग्राम तसाच लिहिला. थोड्या ओळी घ्यायच्या, बेरजेत मिळवायच्या, सोडून द्यायच्या. लॅपटॉप निमूट चालू लागला. पण शेवटी नोंदी थोड्या कमीच भरल्या.

"शेवटची पंगत अपुरी असते," मामा म्हणाले. "ओसरी भरली नाही म्हणून तुझा प्रोग्राम त्या पंगतीला वाढतच नाही. सगळे हेच विसरतात."

तेवढं सुधारलं. काम वेळेत गेलं, नोकरी मिळाली.

त्या आनंदात गल्लीला टिफिनला, म्हणजे इडलीच्या फराळाला, बोलावलं. "मी शेवटी बसतों," मामा नेहमीसारखे म्हणाले. सगळे खाऊन, हात धुऊन, घरी गेले. ओसरीवर मामांचं एकच केळीचं पान उरलं.

सरोजा आपलं पान घेऊन त्यांच्या शेजारी बसली.

"तू मघाशीच खाल्लंस ना गे?"

"नाही मामा. शेवटची पंगत अपुरी होती."

मी सवयीने मामांना एकच इडली वाढली आणि पुढे सरकले.

"दुसरीही वाढून ठेव गे," ते म्हणाले. "आज बसतों जरा."