आधी वायर, मग मशीन, शेवटी माणूस

आब्रामभाऊ साळवे संगणकाला हाक मारायचे. खरोखर, तोंडानं.

आमच्या राहात्याच्या शाळेच्या ऑफिसात पाच संगणक होते आणि कोपऱ्यातल्या कपाटात एक थोरला, सर्व्हर. मुलांच्या याद्या, दाखले, हजेऱ्या, सगळं त्या थोरल्याच्या पोटात. धाकट्या पाचांचा त्याच्याशी संबंध तुटला की एक दाखला निघत नसे आणि दाराशी पालकांची रांग लागे. मग दुरुस्तीसाठी भाऊंना फोन.

भाऊ यायचे, चपला बाहेर काढायचे, दोन बोटांनी कीबोर्डावर काहीतरी टाईप करायचे आणि कपाटाकडे तोंड करून म्हणायचे, "ए थोरल्या!" पडद्यावर ओळ उमटली की, "दिली ओ!" चार हाकांना चार वेळा ओ आली म्हणजे रस्ता साफ. नाही आली, तर वायर चिमटीत धरून भिंतीकडेनं तिच्याबरोबर चालत निघायचे. ते टेबलाखाली शिरले की आम्ही बायका पाय वर घेऊन बसायचो.

"आधी वायर, मग मशीन, शेवटी मानूस," हे त्यांचं ब्रीद. "आन मानसापोत्तर जायची येळ सहसा येत न्हाई."

मी तेव्हा चाळिशीची, हेडक्लार्क, नुकताच संगणकाचा कोर्स पास झालेली. सर्टिफिकेट फ्रेम करून लग्नाच्या फोटोच्या वर टांगलेलं. माउससुद्धा करंगळी वर करून धरायची. आज नात मला हसते. हसू दे, तेव्हाची मी तिनं पाहिली नाही हेच बरं. माझा क्रम भाऊंच्या बरोब्बर उलटा होता: आधी माणूस.

त्या वर्षी खंडेनवमीची पूजा मी मनावर घेतली. संगणकांना झेंडूच्या माळा काय, सगळेच घालतात. मी म्हटलं, या सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात त्या कपाटातल्या लुकलुकत्या दिव्यांच्या डबीला कुणी विचारत नाही, खरी मेहनत तर तिची! एकेक वायर उपसली, डबीच्या प्रत्येक भोकात चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, आणि वायर परत जागच्या जागी. एकही भोक उपाशी ठेवलं नाही.

सुटीनंतर शाळा उघडली तर संगणक घटकेत थोरल्याशी बोलत, घटकेत अबोला धरत. मी मुख्याध्यापक सरांना ठणकावून सांगितलं, "सखूबाईचा झाडू लागतो वायरींना. रोज बघते मी."

मी काही बघत नव्हते. सखूबाई रोजंदारीवर झाडलोट करायची. सर तिला म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"सर, मी त्या कपाटाकडं झाडतच न्हाई," ती म्हणाली. "बाईंनी बंदी केलीय."

बंदी मीच केली होती. ती मी सोयीस्कर विसरले आणि फाईल उघडून बसले.

भाऊ आले. चार हाकांना एकच ओ. वायर धरून निघाले ते कपाटापाशी थांबले, डबीत बॅटरी मारली आणि मला हळूच बोलावलं.

"बाई, ह्ये सगळ्या भोकांस्नी लावलं?"

"हो."

"एक बी वगळलं न्हाई?"

"नाही."

"लई कसून पूजा झाली." हसले नाहीत, फक्त मिश्या हलल्या.

"भाऊ, सरांना सांगा ना, धूळ होती म्हणून."

"धूळ म्हनलं की झाडनारीच्या गळ्यात जानार."

अर्धा तास मऊ ब्रशनं त्यांनी एकेक भोक साफ केलं. पडलेलं हळदकुंकू कागदावर गोळा केलं आणि पुडी बांधून माझ्या हातात दिली. "तुमच्या देवाचं हाय. तुळशीत टाका." मग सरांपुढं जाऊन उभे राहिले. "सर, चूक माझी. मागच्या खेपंला वायरी म्याच नीट दाबल्या न्हाईत. झाडनाऱ्या बाईचा काय संबंध न्हाई."

सर आधीच कातावलेले. "मग सखूबाई राहू दे, पण पुढच्या वेळी तुमच्याऐवजी आम्ही दुसरा माणूस बघतो."

भाऊ "बरं" म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. आणि हेडक्लार्क? पुडी मुठीत धरून उभी.

सखूबाईला मी व्हरांड्यात गाठून सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "मला ठावं हुतं. पूजेचं तबक मीच घासलं की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी कुटं बोलू देता? माझं काम टिकलं, बास. पन भाऊंचं काय? बायकू वारली, पोरगी तिकडं लांब खर्ड्याला दिलेली. दिसभर घरात बोलाय कुनी न्हाई. हितं आले की चार शब्द कानावर पडायचे."

मी सरांच्या खोलीत गेले. तिसऱ्या खेपेला गेले. आधी दोनदा दारापासून मागं फिरून पाणी पिऊन आले. सर सगळं ऐकून लाल झाले, मग म्हणाले, "हळदसुद्धा?" आणि थोड्या वेळानं, "बोलवा त्यांना."

मी फोन लावला. "भाऊ, सरांना खरं सांगितलं. उद्या या."

"उद्या? काय बिघडलं?"

"काही नाही."

"मग?"

"जेवायला या. मधल्या सुटीत आम्ही सगळ्या डबे एकत्र खातो."

पलीकडं रेडिओ बंद झाला. मग, "किती वाजता?"

मधली सुटी दीडला. भाऊ साडेबारापासून फाटकाशी उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. हत्यारांची पिशवी आणली नव्हती, त्यामुळे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. सखूबाईनं जाऊन आपला डबा त्यांच्या हातात दिला.

"धरा जरा," ती म्हणाली, "मी खुर्च्या मांडते."