पोटावरची बाटली

मे महिन्यातल्या भर दुपारी आमचे वानखडे सर प्रयोगशाळेच्या टेबलावर उताणे झोपायचे आणि पोटावर कॅन्सरची बाटली ठेवायचे.

घाबरू नका. बाटली घट्ट बंद असायची. आत गुलाबी पाण्यात वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी. त्यांच्यावर झाडपाल्याचे अर्क टाकून बघणं हे आमचं काम. या पेशींना माणसाच्या अंगाइतकीच ऊब लागते. पण वर्ध्यात वीज गेली की खोलीची भट्टी, आणि माठाजवळ ठेवावं तर गारठा.

"मंग बरोबर गरम असं काय उरलं, सांग?" सर विचारायचे. "माहं पोट!"

मी तेव्हा देवळीहून एसटीनं येणारी, नुकती बीएस्सी झालेली दीडशहाणी. परदेशात बक्षीस घ्यायला जाताना कुठली साडी नेसायची, तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं. सरांची बायको याच रोगानं गेलेली. म्हणजे सर सूड उगवताहेत, अशी माझी पक्की समजूत. सिनेमे फार बघायची ना मी!

त्या उन्हाळ्यात एकेक करून सगळ्या बाटल्या मेल्या. एकच उरली. सीताफळाच्या पानांचा अर्क तयार होता, पण ही बाटली गेली असती तर प्रयोग बंद आणि खोली अडगळीला. नेमकी तेव्हाच वीज गेली.

सर आडवे झाले. मी वाळ्याच्या पंख्यानं वारा घालत बसले. खिडकीच्या फटीतलं ऊन बाटलीतून छतावर जाई, आणि तिथे एक गुलाबी कवडसा सरांच्या श्वासाबरोबर वर-खाली होई. "हळू बाप्पा, हळू," सर स्वतःच्याच श्वासाला बजावत. वाळ्याचा ओला वास, पेंगुळलेले डोळे... मला वाटलं, सगळी खोलीच कुणाच्या तरी छातीवर निजली आहे.

तेवढ्यात मोठे साहेब आत आले. "वानखडे, पोट दुखतं काय?"

"लेकरू निजलं साहेब. आवाज नोका करू."

साहेब चक्क चवड्यांवर चालत बाहेर गेले!

संध्याकाळी वीज आली. पेशी जिवंत होत्या. दुसऱ्या दिवशी अर्ध्या पेशींवर अर्क टाकायचा, अर्ध्या तशाच ठेवायच्या. सरांनी नळी माझ्या हातात दिली. "तू टाक वं. माह्याच्यानं नाई होत." आणि बाहेर निंबाखाली जाऊन बसले.

दोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि मी पदर सावरत निंबाकडे धावले.

"सर! मेल्या! अर्कातल्या सगळ्या मेल्या, बाकीच्या ठणठणीत!"

सर उठले. पुन्हा बसले. "वा, पोरी," म्हणाले. मग प्रयोगशाळेच्या खिडकीकडे बघत त्यांनी विचारलं,

"तरास तं नाई झाला ना वं त्याइले?"

सूक्ष्मदर्शकात तसलं काही दिसत नाही.

"नाही सर," मी म्हटलं. "झोपेतच गेल्या."

"बरं झालं बाप्पा," म्हणाले, आणि डोळे मिटून तसेच बसून राहिले.