गोत्रीचं पाणी वायसर खातं

केशवमामा कोणाच्याही घरी गेला, की आधी मोरीत शिरायचा. पाय धुवायला नव्हे. नळ उघडायचा, बंद करायचा, खाली तळहात धरून जरा थांबायचा आणि बाहेर येऊन निकाल द्यायचा. "अजून वर्षभर ओढेल." नाहीतर, "वायसर गेला." मग कसे आहात, काय चाललंय वगैरे.

बडोद्याच्या नागरवाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या आणि नळ एकच. पाणी सकाळी पाऊण तास. मी चौथीत असताना वडील गेले, आई चार घरी पोळ्या करायची. नवीन वस्तू घरात यायची नाही, असलेली टिकवायची. नळातला वायसर, म्हणजे आतली रबरी चकतीसुद्धा विकतची नसायची, मामा ती जुन्या स्लिपरमधून कापायचा. एकदा शाळेच्या वेळेला माझी एक स्लिपर सापडेना. मी रडून घर डोक्यावर घेतलं. "टाच झिजलेलीच होती गं," मामा म्हणाला, "पण पुढचं रबर एक नंबर निघालं. हा वायसर तुझ्या लग्नापर्यंत बघायला नको." त्या दिवशी मी आईच्या चपला फटक फटक वाजवत शाळेत गेले.

मामा आईचा सख्खा भाऊ. एका कारखान्यात फिटर, शिक्षण सातवी. मामी लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, हे मी आजही ठासून सांगते. पण फॉर्मसाठी रांगेत उभा राहिला तो मामा. पालकाचा व्यवसाय या रकान्यात त्यानं 'फिटर' इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, की शेवटचा 'र' शेजारच्या रकान्यात गेला.

त्याचं नळशास्त्र तो कोणालाही फुकट शिकवायचा. "दोन बोटांनी बंद होतो तोवर नळ निरोगी. मूठ वापरायला लागली की वायसर म्हाताऱ्याच्या दातासारखा झाला समज. तेव्हाच बदलायचा. तरी पिळत राहिलीस, तर खालची पितळी बैठक कापली जाते. मग वायसर कितीही घाल, गळणारच." हे तोंडातून गळणाऱ्या नळाचं. "मानेतून गळला, तर आतला दोरा बदलायचा. दोन्हीकडून गळला आणि आटेही गेले, तर नळाला हात जोडायचे आणि नवा आणायचा." कोणी मुठीनं नळ आवळताना दिसलं, की तो लांबून ओरडायचा, "अरे, नळ आहे तो, चोराची मानगूट नाही!" पण त्याहून जास्त राग वेळेआधी वायसर बदलणाऱ्यांचा. "चालत्या वस्तूला कशाला हात लावायचा? हौस आहे?"

माझ्या लग्नात मामा रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीशी उभा होता. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, मी मान खाली घातलेली. मामा कानाशी वाकला. मला वाटलं, आशीर्वाद देतोय. "शैले," तो कुजबुजला, "मागच्या मोरीतला नळ गळतोय. मंगलाष्टकं सुरू झाल्यापासून ऐकतोय मी." मी भर मांडवात हसले. फोटोत ते हसू आलंय.

पुढे मी बँकेत लागले, ऑफिसर झाले. आम्ही शहराबाहेर गोत्रीला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. घरात रंगीत टीव्ही आला, केबल आली. स्वयंपाकघरातला पितळी नळ मामानं स्वतः बसवला.

आता मला लाज वाटते ती गोष्ट. बडोद्यात मराठी आडनाव ऐकलं, की लोक हमखास विचारतात, "राजवाड्यातले का?" बँकेतही विचारलं. माझे आजोबा संस्थानच्या पलटणीत साधे शिपाई होते. मी 'नाही' म्हणाले नाही. "हो, आजोबा दरबारातच होते," म्हणाले. लोकांनी त्यांना दिवाणखान्यात बसवलं, मीही उठवलं नाही.

एका रविवारी आमचे बँकेतले मॅनेजर शाहसाहेब आणि त्यांच्या पत्नी शाहबेन चहाला आले. मी नवे कप काढले होते. इतक्यात मामा आला. नागरवाड्याहून सायकल हाणत, घामाघूम, पायजम्याच्या एका पायाला क्लिप, खांद्याला पान्ह्यांची पिशवी. कोणाकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात. आतून नळ उघडल्या-बंद केल्याचा आवाज.

शाहबेननी विचारलं, "आ कोण छे?"

"ए तो अमारा प्लंबर छे," मी म्हणाले.

माझे यजमान श्रीकांत माझ्याकडे बघतच राहिले. मामा स्वयंपाकघराच्या दारात आलेला होता. त्यानं ऐकलं होतं. मला वाटलं, आता हा हसणार, 'शैले' म्हणणार आणि सगळं उघडं पडणार.

मामा म्हणाला, "बेन, पाच मिनिटं पाणी बंद ठेवतो. चालेल ने?"

"चालेल," मी म्हणाले.

काम करून तो बाहेर आला तर शाहबेननी त्याला अडवलं. त्यांचाही नळ टपकत होता. "भाई, अमारे त्यां पण आवजो ने." मामानं मान डोलावली आणि चार दिवसांनी तो खरंच गेला! ते चार दिवस मला जेवण गेलं नाही. शाहबेनचा फोन आला. "तमारो प्लंबर तो बहु डाह्यो माणस! तमारा घरनी एक वात नथी करतो." म्हणजे मामानं तिथेही नातं सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मामा दर दोन महिन्यांनी रविवारी यायचा. चपला दाराबाहेर काढायचा. घरात परकं कोणी असो-नसो, मला 'बेन' म्हणायचा, अहो-जाहो करायचा. चहा ओट्याशी उभ्यानं प्यायचा. श्रीकांत म्हणायचे, "मामा, जेवून जा." "नको, पुढे काम आहे." काढलेला वायसर ओट्यावर ठेवायचा, "गेला होता. गोत्रीचं पाणी वायसर खातं, बेन," म्हणायचा आणि निघायचा. जिन्यातून त्याची पावलं ऐकू यायची आणि मी मनात म्हणायची, पुढच्या वेळी बोलू. दोन वर्षं मी पुढच्या वेळी बोलले.

मग मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चार महिने तो आला नाही. मी डबा पाठवत होते, श्रीकांतबरोबर. स्वतः गेले नाही. नळ चालूच होता, पण मला धास्ती, की एव्हाना वायसर संपलाच असणार. मामानं काढलेले वायसर मी एका डबीत टाकत गेले होते. माप दाखवायला डबी घेऊन कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे गेले.

त्यानं एक वायसर नखानं दाबला. दुसरा उजेडात धरला. मग सगळी डबी काउंटरवर उपडी केली.

"बेन, आ बधा तो नवा छे! एकालाही खाच नाही. आणखी दोन-तीन वर्षं आरामशीर चालले असते. कोणी काढले?"

"पाणी वायसर खातं ना इथलं?"

"मी पण गोत्रीतच राहतो, बेन. मला तर नाही खाल्लं." तो हसला. "ज्याने काढले, तो कारीगर गधेडो छे."

बडोद्यात वायसरची वेळ केशवमामाइतकी कोणाला कळत नव्हती. माझ्या घरी यायला त्याला काहीतरी काम लागत होतं. भाचीकडे यायचा रस्ता मी बंद केला होता, म्हणून तो प्लंबर म्हणून येत होता.

"ए मारा मामा छे," मी म्हणाले. दुकानदार ओशाळला. मी त्याहून जास्त.

तशीच रिक्षा करून नागरवाड्यात गेले. मामा काळा चष्मा लावून खाटेवर बसला होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी माझा आवाज ऐकून म्हणाला, "या बेन. नळ गळतोय?"

"शैली आहे मी, मामा. नळ चांगला आहे. तूच सगळे चांगले वायसर काढलेस."

त्यानं चोरी पकडल्यासारखं तोंड केलं. मग म्हणाला, "बेन म्हणायचो ते नोकरीच्या जागी तुला खाली बघायला लागू नये, म्हणून गं. सवय राहावी तोंडाला. एखाद्या वेळी चुकून शैले निघालं असतं."

मला रडूही आलं नाही, इतकी लाज वाटली.

पुढच्या रविवारी मी शाहसाहेबांना आणि शाहबेनना जेवायला बोलावलं. मामाला मी स्वतः घेऊन आले. तो जिन्यात तीनदा थांबला. "राहू दे ना शैले. त्यांना काय करायचंय?" मी त्याचा हात सोडला नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "हे माझे सख्खे मामा. कारखान्यात फिटर होते. यांनी मला शिकवलं. आणि आजोबा दरबारात नव्हते, पलटणीत शिपाई होते."

शाहसाहेब पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिले. शाहबेननी एवढंच विचारलं, "तो ते दिवसे केम न कह्युं? त्या दिवशी का नाही सांगितलं?"

मामाच मध्ये पडला, "जवा दो ने बेन, नानी हती. लहान होती ती."

तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते.

मी पानं घेतली. मामा श्रीकांतच्या शेजारी बसला, वरण-भात दोनदा मागून घेतला आणि माझ्या घरी पोटभर जेवला.