बबनकाकांच्या काचेला घाम

आमच्या समोरचे बबनकाका थंडीच्या दिवसांत उठल्या उठल्या देवाला नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीला हात लावतात. बोट ओलं निघालं की संपलं! हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न झाकून जाईल अशी आरोळी येते, "परत पानी आलं! याला जबाबदार कोन?" सगळं मिरजगाव जागं होतं. निदान आमची गल्ली तरी होतेच.

काका साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कोण उशिरा आलं, का आलं, याची चौकशी करण्यात जन्म गेला. रिटायर झाल्यावर चौकशीला माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी खिडकी धरली. खिडकी साधी नाही हं! जुनं पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा काकांनी मुद्दाम नगरहून स्लायडिंगच्या काचा आणल्या. वारा म्हणून आत येणार नाही, अशी खात्री दिली होती दुकानदारानं. वारा आला नाही, पण थंडी पडली आणि काचा आतून घामेजायला लागल्या.

आरोपी घरात एकच, मंदाकाकू. "तू भात उघडा शिजवतीस." "तू ओलं लुगडं आत वाळत घालतीस." एकदा तर म्हणाले, "तू झोपेत लई जोरात श्वास घेतीस."

काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बरं, उद्यापासून अंगनात जाऊन घेते."

मग काकांनी मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघितला आणि खिडकीत वाटीभर खडेमीठ ठेवलं. मीठ म्हणे ओल ओढून घेतं. थोड्या दिवसांनी सकाळीच हाक आली, "सुनंदा, पळ! बर्फ जमला!"

मी तव्यावरची पोळी तशीच टाकून पळाले. खरंच, खिडकीच्या पट्टीवर पांढरं, कडक काहीतरी जमलं होतं. दूधवालाही किटली घेऊन आत आला. काका छाती काढून उभे. "काश्मीर झालंय आपलं!"

मला कुठलं राहवतंय? बोट लावून चाखलं.

"काका, खारट लागतंय."

काका म्हणाले, "लागनारच. आपल्या बोअरचं पानीच खारं हाय."

काकूंनी मिठाची वाटी पुढे केली. मीठ भिजून काठावरून उतरलं होतं आणि पट्टीवर वाळलं होतं. दूधवाल्यानं हसता हसता अर्धा लिटर दूध सांडलं. त्यालाही जबाबदार काकूच ठरल्या.

पुढं लेकीचं बाळंतपण आलं आणि काकू जामखेडला निघाल्या. बॅग उचलून म्हणाल्या, "घ्या, श्वास घेनारीच चालली. बसा आता कोरड्या काचा कुरवाळत."

दुसऱ्या दिवशी काच लख्ख! काकांनी मला हाताला धरून नेलं. "बघ, आरोपी जामखेडला आन् काच कोरडी! पुरावा हाय का न्हाई?" त्या आनंदात त्यांनी गल्लीला चहा पाजला, म्हणजे मला करायला लावला.

बारसं झालं तरी काकू आल्या नाहीत. लेक सोडेना. काका "राहू दे की, मला काय!" म्हणत हिंडत होते, पण मी पाठवलेल्या डब्यातली भाजी अर्धी परत यायला लागली. जिंकल्याचा चहा पाजून बसलेला माणूस, आता "ये" म्हणणार कुठल्या तोंडानं? सकाळची आरोळीही बंद झाली. खरं सांगते, मला करमेना.

आणि एका सकाळी बघते तर समोरची काच पांढरीधोप! काकू आल्या! मी तशीच धावले.

आत काकू नव्हत्याच. गॅसवर मोठं पातेलं रटरटत होतं आणि काका खिडकीपुढं खुर्ची टाकून बसले होते. काचेवरून ओघळ वाहत होते.

"हे काय, काका?"

"अंघोळीचं पानी."

त्यांचे केस ओले होते, कपाळाला गंधही लागलं होतं.

"अंघोळ तर झालीय की तुमची! याला जबाबदार कोण?"

"मीच," काका म्हणाले. "कोरडी काच बघवत न्हाई गं. घरात कुनीच न्हाई असं वाटतं."

मी सरळ काकूंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला.

"काय म्हनते तुमची काच?" पलीकडून काकू.

काकांनी घसा खाकरला. "लई पानी आलंय. माझ्या एकट्याच्यानं पुसवत न्हाई. कधी येतीस?"

पलीकडं बाळ रडत होतं, इकडं पातेलं अजून रटरटत होतं.

"उद्याच्या एसटीनं येते," काकू म्हणाल्या. "आधी तो गॅस बंद करा."